पायदानाचं माप

पिकअपच्या हौद्यात चढायची टोळीतल्या बायकांची एक ठरलेली रीत होती. आधी बादल्या वर फेकायच्या, मग जेवणाचे डबे हातोहात द्यायचे, आणि मग हौद्याच्या मागच्या फाळक्याची साखळी धरून मुकादमिणीच्या मांडीवर पाय ठेवायचा. ती पाठ गाडीला टेकवून, एक गुडघा पुढं वाकवून उभी असायची. बाईने पाय दिला की ती खालून कमरेला असा रेटा द्यायची की चांगली अंगाने भरलेली बाईसुद्धा पोत्यासारखी आत जाऊन पडायची. आतून शिव्या आणि हसू एकदमच बाहेर यायचं.

मुकादमीण म्हणजे गाडीवाल्याची बायको. गाडी नवऱ्याची आणि टोळी तिची, असा तो संसार होता. बटाट्याच्या काढणीला बायका जमवायच्या, मळेवाल्यांशी बोलणी करायची, कुणाला ताप आला तर तिची सरी आपण उरकायची, हे तिचं काम. स्टिअरिंग सोडून कशालाही हात लावायचा नाही, हे त्याचं. संध्याकाळी तिने कमरेचं गोणपाट सोडलं की त्यावर चिखलाची पावलं एकावर एक सुकलेली असायची. ती ओट्याच्या कडेला ते झटकायची आणि नवरा आतून म्हणायचा, "सगळी टोळी नाचून गेली वाटतं अंगावर!" तिला त्याचा राग यायचा नाही. आपल्या मांडीवर पाय दिल्याशिवाय एक बाई गाडीत चढत नाही, याचा तिला मनातून अभिमानच होता.

घरात तिसरं माणूस म्हणजे आत्या. नवऱ्याची आई तो रांगता असतानाच गेली, तेव्हा या आत्याने त्याला आपल्या पदराखाली घेतला. आता ती थकली होती, पण घरी बसायचं नाव काढत नव्हती. बटाटे निवडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सडका बटाटा ती न बघता, नुसत्या अंगठ्याने ओळखायची. टोळीतली प्रत्येक बाई तिला आत्याच म्हणायची.

त्या साली पाऊस उशिरा आला आणि लहान मळेवाल्यांनी बटाटा लावलाच नाही. काम निम्म्यावर आलं आणि टोळ्या तेवढ्याच राहिल्या. अशात एका धुक्याच्या सकाळी मुकादमीण पंपाच्या हौदावर पाण्याचा कॅन भरत होती. गाडीवाल्याने हॉर्नवर हॉर्न दिला. आत्याला वाटलं, आपल्यामुळं खोळंबा होतोय. तिने कुणाची वाट न बघता ओल्या टायरवर पाय दिला. पाय सटकला आणि ती हातावर पडली. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज टोळीतल्या सगळ्यात ठेंगण्या बाईने, बुटकीने ऐकला आणि तिने तिथंच तोंडात पदर कोंबला.

प्लास्टर घालून आत्या घरी आली, त्या संध्याकाळी बायका ओट्यावर जमल्या. बोलली ती शिडी. ही टोळीतली सगळ्यात उंच बाई, आणि तोंडानेही कुणाला हार न जाणारी.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नको. पलीकडच्या मुकादमाच्या ट्रकला मागं लोखंडी पायऱ्या आहेत. त्याचा माणूस येऊन गेला. अख्खी काढणी देतो म्हणाला."

"तुला कशाला लागतात पायऱ्या? तू चालत चालत गाडीत जाशील," मुकादमीण म्हणाली. पण हसलं कुणीच नाही.

"आज आत्या पडली, उद्या मी पडेन," बुटकी म्हणाली. "माझा हात मोडला तर घरात चमचा कोण धरणार?"

मुकादमीण आत गेली. नवरा आत्याच्या उशाशी बसला होता. तिने सगळं सांगितलं. तो आत्याच्या प्लास्टरवर हात ठेवून म्हणाला, "आत्याच्या हाताची शपथ. मोठी काढणी लागायच्या आत गाडीला पायरी लागलेली असेल. जा, सांग त्यांना. एकीलाही जाऊ देऊ नको."

ती बाहेर आली आणि तिने शब्द दिला. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. गाडीवाल्याच्या शब्दावर कुणी थांबलं नसतं, हे तिलाही माहीत होतं. पण हिने आजवर एकदाही कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. शिडी उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "बरं. त्याच्या माणसाला नाही म्हणून कळवते."

दुसऱ्या दिवशी मुकादमिणीने मापं घेतली. ही तिचीच अक्कल. पोत्यांची तोंडं शिवायची सुतळी तिने घेतली, दुपारच्या जेवणानंतर एकेकीला मळ्यातल्या पंपघराच्या भिंतीपाशी उभं केलं आणि म्हणाली, "भिंतीला हात न लावता पाय उचलायचा. जमेल तेवढाच. फुशारकी मारायची नाही." ज्या उंचीवर पाऊल थांबलं, तिथं जमिनीपासून सुतळी ताणून ती गाठ मारायची. शिडीने पाय उचलला तो थेट खिडकीच्या चौकटीवर ठेवला. "हिची गाठ आभाळात मारा," बुटकी ओरडली. बुटकीची पाळी आली तेव्हा तिचा तोल गेला आणि ती मुकादमिणीच्या गळ्यातच पडली. बायका पोट धरधरून हसल्या.

सगळ्यात शेवटी आत्या. ती घरी थांबायची नाहीच, मोडका हात गळ्यात अडकवून बांधावर येऊन बसली होती. तिने पाय उचलला, थोडा वर नेला, आणि गुडघ्यात कळ आली तशी थांबवला. ओठ घट्ट मिटून तिने आणखी बोटभर वर नेला.

"राहू दे आत्या, एवढं बास," मुकादमीण म्हणाली.

"माझ्यासाठी बाकीच्यांना ठेंगणी पायरी करू नको गं."

"तुझा पाय पोचला की सगळ्यांचाच पोचतो," असं म्हणून तिने सुतळीवर सगळ्यात खालची गाठ मारली. ओळखू यावी म्हणून ती दुहेरी मारली.

आठवड्याच्या बाजाराला नवरा तिला गाडीच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेला. मागं वेल्डिंगचं शेड आणि पुढं काचेचं दुकान. भिंतीवर पायदानं टांगली होती. चकचकीत गोल पाइपची, काळ्या चौकोनी पाइपची, उठावाच्या नक्षीच्या खडबडीत पत्र्याची, वर रबराच्या पट्ट्या मारलेली. ती बघतच राहिली. एवढ्याशा पाय ठेवायच्या वस्तूत इतके प्रकार असतील, असं तिला वाटलं नव्हतं.

मग तिच्या ध्यानात आलं. "अहो, ही सगळी दाराखालची. बायका काय दारातून चढतात?"

"मागची तयार मिळत नाही. ती वेल्डर घडवून देणार," तो म्हणाला. "एकदम दोन्ही कामं केली की गाडी एकदाच उभी राहील. आणि आत्याला आता मागं बसवायची का? तिला पुढं घ्यायची तर दाराखाली नको पायदान?"

हे तिला पटलं. आत्याचा विचार त्याने केला, याने तिचा जीव भांड्यात पडला.

"तूच निवड," तो म्हणाला. "तुझं डोकं यात चालतं."

त्याची नजर चकचकीत पाइपवर होती. दुकानदारानेही तोच पुढं केला आणि म्हणाला, "वहिनी, हा लावला की गाडीचं रूपच पालटतं." मुकादमीण बाहेर गेली. नळाखालच्या चिखलात तिने चप्पल चांगली बुडवली आणि आत येऊन त्या पाइपवर पाय ठेवला.

"अहो, नवा माल आहे!" दुकानदार ओरडला.

"मळ्यात चिखल जुनाच असतो," ती म्हणाली. तिचा पाय पाइपवरून सरकला. चौकोनी पाइपवरही सरकला. उठावाच्या पत्र्यावर थोडा थांबला. रबराच्या पट्ट्या मारलेल्या रुंद पायदानावर मात्र ती दोन्ही पायांनी उभी राहिली, खालीवर उड्या मारून बघितल्या, टाच घासून बघितली. पाय हलला नाही. तेवढ्यात रस्त्याने शिडी बाजाराची पिशवी घेऊन चालली होती. मुकादमिणीने तिला काचेतून हात केला आणि पायदानावर उभ्याउभ्याच हसून दाखवलं. शिडीनेही हात केला.

"हेच," मुकादमीण म्हणाली.

नवरा लगेच "हेच द्या" म्हणाला. लग्न झाल्यापासून कालवणातल्या मिठावरूनसुद्धा तो इतक्या सहज ऐकणारा माणूस नव्हता. तिला त्याचं कौतुक वाटलं. पुढं कितीतरी दिवस ते कौतुक तिला आठवायचं आणि अंगाचा तिळपापड व्हायचा.

तिने कनवटीची सुतळी काढून वेल्डरला द्यायला हात पुढं केला. नवऱ्याने ती मधेच घेतली. "मी समजावतो त्याला. दुहेरी गाठीवर पाय पोचला पाहिजे, एवढंच ना?"

"एवढंच," ती म्हणाली.

गाडी शेडमध्येच राहिली. ती रोज विचारायची आणि तो रोज काहीतरी सांगायचा. आज वेल्डर गावाला गेलाय, आज वीज नाही, आज रंग वाळतोय. मधल्या दिवसांत पलीकडच्या मुकादमाचा ट्रक भरून रस्त्याने जायचा. त्यात दुसऱ्या वस्तीच्या बायका बसलेल्या असायच्या. शिडी ट्रककडं बघायची आणि मग मुकादमिणीकडं बघायची.

"येतेय गं गाडी," मुकादमीण म्हणायची. "मी स्वतः उभी राहून बघितलंय. चिखलातसुद्धा पाय हलत नाही."

मोठ्या मळ्याची काढणी लागायची होती त्या सकाळी बायका नेहमीच्या जागी, रस्त्याच्या मोरीपाशी, बादल्या घेऊन उभ्या होत्या. आदल्या संध्याकाळी नवरा गाडी आणायला गेला तो परतलाच नव्हता. "मळ्यावरच थांबतो, सकाळी मोरीवर येतो," असा निरोप तेवढा आला होता. उजाडता उजाडता गाडी आली. धुऊन पुसून लख्ख, दोन्ही दारांखाली काळी रुंद पायदानं. मुकादमीण सवयीने मागं धावली.

मागं काहीच नव्हतं. तोच फाळका, तीच साखळी. हौद्यात डिझेलची पिंपं दाटीवाटीने उभी होती आणि त्यांच्या मधे लोखंडी दात्यांची, पट्ट्यांची अवजारं पडली होती. पाय ठेवायलाही जागा नव्हती.

ती पुढं आली. सीटवर दोन परकी माणसं होती, हाताला ग्रीस लागलेली. दाराबाहेर समोरून नुकताच आलेला एक जाडजूड गृहस्थ काठी टेकून उभा होता. बटाटा काढायचं मोठं मशीन भाड्याने फिरवणारा तो मशीनवाला. त्याच्या मशीनची चर्चा गेल्या सालीही झाली होती. तेव्हा ते पहिल्याच मळ्यात चिखलात रुतलं आणि परत गेलं, म्हणून यंदा कुणी मनावर घेतलं नव्हतं. मशीनवाल्याने काठी आत दिली, दाराची कड धरली आणि पायदानावर पाय ठेवला. कण्हला नाही, धापही लागली नाही. सहज आत जाऊन बसला.

"वा!" तो म्हणाला. "माझ्या गुडघ्यांना मानवलं. माप अगदी बरोबर घेतलंस बघ."

"म्हटलं होतं ना, चांगल्या जुन्या गुडघ्याचं माप आहे," नवरा हसत म्हणाला.

पंपघराच्या भिंतीपाशी ओठ मिटून पाय उचलणारी आत्या मुकादमिणीच्या डोळ्यांपुढं आली.

नवरा बायकांकडं वळला. "आज थांबा. मोठ्या मळ्यावर मशीन चालणार. तुमचं काही निघालं तर निरोप देतो."

बुटकीने हातातली बादली खाली टेकवली. शिडी चालत पुढं आली आणि मुकादमिणीसमोर उभी राहिली.

"तुला माहीत होतं?"

"नाही गं. आईशपथ नाही."

"तूच तर निवडलंस. मी डोळ्यांनी बघितलं. वर उभी राहून हसत होतीस."

निवडलं तिनेच होतं. हसलीही तीच होती.

"पलीकडचा ट्रक भरला," शिडी म्हणाली. आवाज चढवून नाही, जसं आभाळ आलंय म्हणतात तसं. "आता कुठं जायचं, तेवढं सांग."

तेवढ्यात नवऱ्याने गाडीतून हाक मारली, "अगं, तू चल. मशीनमागं निवडायला एक बाई लागणार आहे. तुझी जागा मी बोलून ठेवलीय. ये पुढं, सरकून जागा करतील, पायदान आहे."

सगळ्या बायकांसमोर त्याने हे म्हटलं. त्यातलं काय लागलं, हेही त्याला कळलं नाही. ती जागची हलली नाही. गाडी धूळ उडवत गेली. बायकांनी बादल्या उचलल्या आणि एकेक करून घराकडं वळल्या. तिच्याशी कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती चुलीपुढं बसली होती. आत्या भिंतीला टेकून होती. त्याने खिशातून सुतळी काढली आणि तिच्यापुढं टाकली. "ही तुझी. जेवायला वाढ."

"मला का फसवलंत?" ती म्हणाली.

"फसवायचं काय त्यात? मशीनवाल्याने बोलणं केलं होतं. गाडी हंगामभर त्याच्याकडं. फक्त त्याला चढता येईना, म्हणून पायदान लावायचं, तेवढी अट होती."

"मग बायकांना का थांबवायला लावलंत?"

"मशीन गेल्या सालासारखं रुतलं असतं तर? मळेवाल्याला मी काय तोंड दाखवलं असतं? हाताशी माणसं नकोत?"

"मला तरी सांगायचं."

"तुला?" तो हसला. त्या हसण्यात राग नव्हता, लाडच होता, आणि तेच तिला जास्त लागलं. "तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तासाभरात टोळी पलीकडं गेली असती. तुला खोटं बोलता येत नाही गं. म्हणून तर त्या तुझ्यावर थांबल्या."

ती त्याच्याकडं बघत राहिली. इतकी वर्षं जे आपलं आहे असं तिला वाटत होतं, ते या माणसाने घरातल्या पहारीसारखं उचललं होतं आणि वापरून परत कोपऱ्यात ठेवलं होतं. केसाने गळा कापला होता, आणि वर जेवायला वाढ म्हणत होता.

"माझ्या हातावर हात ठेवून बोललास तू," आत्या म्हणाली.

"आत्या, पायदान आहे ना आता. तू पुढं बस की आरामात."

"मी जमेल तेवढा पाय वर नेला होता रे," आत्या म्हणाली. मग ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. त्या रात्री ती जेवली नाही.

मोठा मळा मशीनने उरकला. मुकादमीण गेली नाही. नवऱ्याने दुसऱ्या कुणाला तरी निवडायला नेलं. पुढंही मळ्यामागून मळे मशीनच उरकत गेलं. बायका मिळेल तिथं जात होत्या, कुणी विटांच्या भट्टीवर, कुणी घरीच. पाणवठ्यावर भेटल्या की "झालं का पाणी?" एवढं विचारायच्या. आत्याने खरी हकीकत सगळ्यांना सांगितली होती. शिडीने ऐकून घेतली आणि म्हणाली, "असेलही. पण आम्ही त्याच्या शब्दावर नव्हतो थांबलो."

मग हंगाम संपता संपता ओढ्याकडच्या खोलगट तुकड्यात मशीन रुतलं. चाकं अर्धी चिखलात गेली आणि ट्रॅक्टर लावून बाहेर काढावी लागली. मळेवाला म्हणाला, एवढा तुकडा हातानेच काढा. नवरा घरी आला आणि नजरेला नजर न देता म्हणाला, "बायकांना बोलव."

"तुम्ही बोलवा."

"माझ्या बोलावण्याने येतील का?"

तिने नाहीच म्हणायचं ठरवलं होतं. पण बुटकीच्या घरी दोन वेळा चूल पेटत नव्हती, हे तिला ठाऊक होतं. ती दारोदार गेली. काम आहे, एवढंच सांगितलं. पुढचा एकही शब्द दिला नाही.

सकाळी बायका मोरीपाशी आल्या. सगळ्या आल्या. प्लास्टर नुकतंच काढलेली आत्याही आली. गाडी मोकळी होती, पिंपं उतरवलेली होती. मुकादमीण मागं गेली, पाठ गाडीला टेकवली, गुडघा पुढं वाकवला. कमरेला गोणपाट होतं. ती वाट बघत राहिली.

शिडी आली. तिने बादली वर टाकली, डबा ठेवला. मग बाजूला सरकून टायरवर पाय दिला, साखळी धरली आणि वर गेली. तिच्यामागून दुसरी आली, तीही टायरवरूनच. बुटकीचा पाय टायरवर पोचेना. तिने दोनदा उडी मारली, नडगी खरचटली, पण बाजूलाच वाकवून ठेवलेल्या मांडीकडं तिने बघितलं नाही. वरून दोघींनी तिच्या काखेत हात घालून तिला ओढून घेतलं. मुकादमिणीने तरीही गुडघा सरळ केला नाही.

शेवटी आत्या राहिली.

"आत्या, पुढं ये," नवरा खिडकीतून म्हणाला. त्याने आतून दार ढकलून उघडलं. काळं रुंद पायदान दिसलं. रबराच्या पट्ट्यांवर मशीनवाल्याच्या बुटांची माती वाळून बसली होती.

आत्याने तिकडं बघितलं. मग ती मागं आली आणि सुनेपुढं उभी राहिली. मुकादमिणीने हात पुढं केला.

"ये आत्या. सावकाश."

आत्याने तिच्या तोंडावरून हात फिरवला. त्या हातात अजून जोर नव्हता. "तुझी चूक नाही, मला माहीत आहे," ती हळूच म्हणाली. "पण सगळ्या चढल्या तशीच मी चढते." आणि वर बघून तिने हाक दिली, "शिडे, ओढ गं मला."

शिडी खाली वाकली. आत्याचा चांगला हात तिने धरला, बुटकीने पदर आणि पाठ धरली. म्हातारी टायरवर गुडघा घासत, कण्हत, कशीबशी वर गेली.

"झालं का?" नवऱ्याने पुढून विचारलं.

मुकादमीण सगळ्यांच्या मागून चढली. फाळक्यापाशी तिला बसायला जागा करून दिली गेली. दिवसभर ओल्या चिखलात बटाटे काढून झाले, पोती भरली, परत येताना सगळ्या उड्या मारून उतरल्या, आणि आत्याला उचलून खाली घेतलं तेही त्या दोघींनीच.

घरी आल्यावर तिने कमरेचं गोणपाट सोडलं आणि सवयीने ओट्याच्या कडेला गेली. गुडघ्यांच्या जागी चिखल होता, ओच्यात बटाट्याची माती होती. मांडीवर पाऊल एकही नव्हतं. आतून नवऱ्याने काही म्हटलं नाही. तिने गोणपाट दोन्ही हातांत धरलं आणि जोरजोरात झटकलं, पुन्हा झटकलं, हात दुखेपर्यंत झटकत राहिली.